विंग लोडिंग: माझं 0.93 आणि त्याचं 1.16

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पेरिस व्हॅलीच्या मैदानावर दोन जंपर, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणारे, पहिल्यांदा भेटले की ‘उड्या किती झाल्या?’ याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅनॉपी कोणती, लोडिंग किती?’ उत्तर एका आकड्यात येतं. त्या आकड्यावरून समोरचा लगेच ताडतो की हा माणूस आपल्या आधी उतरणार की मागून, आकाशात त्याच्यापासून किती अंतर ठेवायचं, आणि कधी कधी हेही की याच्याशी जरा बाजूला घेऊन बोलायला हवं.

अलीकडे आमच्याकडे शिकायला येणारी मराठी मुलंमुली वाढली आहेत. बहुतेक एमएस करायला आलेली, काही नुकतीच नोकरीला लागलेली. 25 उड्यांनंतरचं ‘ए’ लायसन्स हातात पडलं की स्वतःची रिग, म्हणजे पॅराशूटचा पूर्ण संच, घ्यायचे वेध लागतात, आणि मग रात्री मेसेज येतो: ताई, माझं विंग लोडिंग अमुक येतंय, चालेल का? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते. ज्यांना विमानातून कधीच उडी मारायची नाही त्यांनीही वाचा. गणित शाळेतल्या भागाकाराचं आहे, आणि त्या भागाकाराच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे.

विमानातून बाहेर पडताना तुमचं जे एकूण वजन असतं ते पौंडात घ्यायचं आणि कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागायचं. जे येईल ते विंग लोडिंग: पंखाच्या एका चौरस फुटाने किती पौंड उचलायचे, तो आकडा. कॅनॉपी म्हणजे आपलं पॅराशूट, पण जुन्या युद्धपटांत दिसणारी गोल छत्री नव्हे. 1960 च्या दशकात पतंग बनवणाऱ्या डोमिना जॅल्बर्ट यांनी शेजारीशेजारी शिवलेल्या खोल्यांचा, पुढून हवा भरून फुगणारा कापडी पंख काढला. आज आम्ही सगळे त्याच्याच वंशातल्या पंखांखाली उतरतो. ती कॅनॉपी पंखासारखी पुढे उडते, म्हणून तिला पंखाचं गणित लागू होतं.

एकूण वजन म्हणजे अंगावरचं सगळं. तुम्ही, कपडे, बूट, हेल्मेट, आल्टिमीटर आणि पाठीवरची पूर्ण रिग. रिगमध्ये हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे, कंटेनर म्हणजे पाठीवरची पिशवी, मेन म्हणजे नेहमीची कॅनॉपी, रिझर्व्ह म्हणजे अडचणीसाठीची राखीव कॅनॉपी, शिवाय एएडी, म्हणजे ठरावीक उंचीखालीही तुम्ही वेगाने कोसळतच असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडून देणारं यंत्र. मेन उघडून डोक्यावर गेली तरी तिचं वजन बेरजेतच धरायचं, कारण पंखाला स्वतःलाही उचलावं लागतं.

माझं उदाहरण घ्या. माझं वजन 115 पौंड, म्हणजे 52 किलो. कपडे, बूट, हेल्मेट मिळून 5. रिग 20. बेरीज 140. कॅनॉपी 150 चौरस फुटांची. 140 भागिले 150 म्हणजे 0.93. चौरस फूट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर फ्लॅटच येतो, तर तसंच बघा: दहा बाय पंधराच्या खोलीचं छत कापडाचं आहे आणि त्याला दोऱ्या बांधून मी खाली लटकले आहे.

यातली बेरीज अंदाजाने करायची नाही, हा माझा पहिला आग्रह. टँडम उडीला, म्हणजे शिक्षकाला बांधून उडी मारायला, येणाऱ्या पाहुण्यांचं वजन करायला ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, काटा असतोच. पूर्ण तयार व्हायचं, रिग पाठीवर चढवायची, हेल्मेट घालायचं आणि त्यावर उभं राहायचं. एका मिनिटाचं काम आहे. तरीही कितीतरी लोक ‘माझं वजन अधिक वीस’ असं तोंडी गणित करून हजारो डॉलरची रिग घेतात.

माझा मावसभाऊ सॅन डिएगोला शिकतो. लायसन्स झालं, चाळीसेक उड्या झाल्या आणि त्याला विकायला काढलेली एक रिग सापडली. मेन 190, रिझर्व्ह 176, कंटेनर देखणा, किंमत रास्त. त्याने मला फोनवर गणित ऐकवलं. ‘ताई, 176 अधिक 20, भागिले 190. 1.03 येतंय. म्हणजे एकच झालं की.’ मी म्हटलं, शनिवारी इकडे ये आणि काट्यावर उभा राहा, मग बोलू. त्याचे 176 पौंड कॉलेजच्या हेल्थ सेंटरमधले होते, तो अमेरिकेत आला तेव्हाचे. आता तो 187 भरला, म्हणजे 85 किलो. बूट, हेल्मेट, जाड जंपसूट यांचे 7. त्याच मापाची रिग मैदानावर एकाकडून मागून घेतली, ती 26. काट्यावर 220. भागिले 190. आकडा 1.16 वर गेला.

त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. 1.03 काय आणि 1.16 काय, एवढा फरक कशात पडतो?

पंखावर हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ, स्थिर उडत असताना हा जोर वजनाएवढा भरावा लागतो, नाहीतर तोल राहणार नाही. आता वजन वाढवलं आणि पंख तोच ठेवला, तर तेवढा जोर मिळवायला पंखाकडे एकच उपाय उरतो: जास्त वेगाने उडायचं. म्हणून कॅनॉपीचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वर्गमूळ आकड्यांना लहान करून दाखवतं, आणि त्यामुळे हे गणित निरुपद्रवी वाटतं. मावसभाऊ 230 च्या कॅनॉपीखाली असता तर, मोठ्या रिगचे दोन पौंड जास्त धरून, त्याचं लोडिंग 0.97 झालं असतं. तिथून 190 वर, म्हणजे 1.16 वर गेला, तर वेग 9 टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. नऊ टक्क्यांनी कोण घाबरतं? पण माणूस जमिनीवर आपटतो तेव्हा घोट्याला आणि मणक्याला जी सोसावी लागते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने जाते. ती 20 टक्क्यांनी वाढलेली असते.

उतरण्याचा कोन मात्र जवळजवळ तोच राहतो. हे नवीन मुलांना पटत नाही. त्यांना वाटतं की जड माणूस सरळ खाली येणार आणि हलका लांब जाणार. वारा नसेल तर दोघं एकाच उतारावरून येतात. जड माणूस त्या उतारावरून लवकर येतो, एवढंच. पुढचा वेग जास्त, खालचाही जास्त, आणि विचार करायला मिळणारे क्षण कमी.

जमिनीजवळ दोन्ही टॉगल, म्हणजे कॅनॉपी वळवायच्या दोन मुठी, खाली ओढून त्या वेगाची उचल करायची असते. हा फ्लेअर. तो वेळेवर आणि पूर्ण झाला तर 1.16 वरही माणूस पाऊल टाकल्यासारखा उतरतो, आणि विकणारा हेच दाखवतो. मला नेहमी दुसऱ्या प्रकारच्या उडीची चिंता असते: वारा अचानक फिरला, समोर कुंपण आलं, दुसरा कोणी आडवा आला. अशा वेळी नवखा माणूस जमिनीकडे बघून एक टॉगल खसकन ओढतो. कॅनॉपी वळते आणि वळताना खाली सूर मारते. लोडिंग जितकं जास्त तितका तो सूर वेगवान आणि त्यात खर्च होणारी उंची जास्त. आजच्या काळात स्कायडायव्हिंगमध्ये जे जीव जातात त्यांतले बरेच पूर्ण उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनॉपीखाली जातात. हे वाक्य मी प्रत्येक नवीन मुलाला डोळ्यांत बघून सांगते.

तुलनेसाठी एक आकडा देते, मला तो फार आवडतो. सेस्ना 172 या चार आसनी विमानाच्या पंखांचं क्षेत्रफळ 174 चौरस फूट आहे, म्हणजे आमच्या 170 च्या कॅनॉपीपेक्षा जेमतेम जास्त. नव्या मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 2,550 पौंड. भागाकार करा: 14.7. त्याला धावपट्टी लागते आणि आम्हाला गवताचा तुकडा पुरतो, याचं मोठं कारण या भागाकारात आहे. कॅनॉपी पायलटिंगच्या स्पर्धांत उतरणारे लोक खूप लहान, आतून तिरक्या कापडी भिंती घालून ताठ केलेल्या कॅनॉपी 2 च्या वर लोड करतात आणि पाण्यावरून सरपटत जातात. तिथे पोचायला त्यांनी वर्षं आणि हजारो उड्या घातलेल्या असतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले तो भाग.

नवख्या माणसाने 1.0 च्या वर जाऊ नये, असं सगळीकडे सांगतात. चांगला नियम आहे. पण 1.0 म्हणजे माझ्यासाठी 140 ची कॅनॉपी आणि मावसभावासाठी 220 ची. आकडा एक, आणि हाताखाली येणारी वस्तू पार वेगळी. कॅनॉपी लहान होते तशा तिच्या दोऱ्याही आखूड होतात. क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने 220 वरून 140 वर येताना दोऱ्या सुमारे 20 टक्क्यांनी आखूड होतात. आखूड दोरीचा लंबक लवकर झुलतो, तसंच इथे. सरळ जाताना दोघांचा वेग सारखा असेलही, पण एक टॉगल वीतभर ओढला की माझी कॅनॉपी त्याच्या कॅनॉपीच्या कितीतरी आधी वळून सूर मारायला लागते. हार्नेसमध्ये नुसतं एका बाजूला कललं तरी तिला कळतं. चूक दुरुस्त करायला मिळणारा वेळ मला कमी, लोडिंग अगदी तेच असूनही.

लायसन्स मिळालं तेव्हा एका अनुभवी, सहा फुटी जंपरने मला मनापासून सल्ला दिला होता. ‘तू एवढी हलकी, सरळ 135 घे. तुझं लोडिंग 1.04 सुद्धा होत नाही.’ त्याचा भागाकार बरोबर होता. सल्ला त्याच्या शरीराच्या माणसाला बरोबर होता. त्याला 1.04 वर 230 ची शांत कॅनॉपी मिळाली असती आणि मला 135 ची चपळ. मी 170 घेतली, 0.82 वर पुष्कळ उडाले आणि मग 150 वर आले. आजही हलक्या अंगाच्या मुलींना हाच सल्ला सर्रास मिळताना ऐकते. सांगणारे वाईट नसतात. ते स्वतःच्या मापाने मोजतात. म्हणून मुलींनो, तुमच्यासाठी माझं म्हणणं असं: आधी चौरस फूट बघा, मग लोडिंग. 150 च्या खाली जाताना लोडिंग 0.9 दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

कॅनॉपी बनवणारे आणि शिकवणारे ब्रायन जर्मेन यांचा एक ठोकताळा जंपर लोकांत प्रसिद्ध आहे: 1.0 पासून सुरुवात करा आणि दर 100 उड्यांमागे 0.1 वाढवायला हरकत नाही. हे वरचं टोक आहे, तिथे पोचायलाच हवं असं नाही. हलक्या माणसांसाठी, लहान कॅनॉपींसाठी आणि उंचावरच्या मैदानांसाठी ते हे टोक आणखी खाली आणायला सांगतात, आणि मला त्यांचं हेच सगळ्यात पटतं. नेदरलँड्ससारख्या देशांत उड्यांच्या संख्येप्रमाणे कोणती कॅनॉपी चालेल याचे बंधनकारक नियम आहेत. अमेरिकेत तसा कायदा नाही. इथे शिफारशी आहेत, ड्रॉपझोनचे स्वतःचे नियम आहेत, आणि यूएसपीए या इथल्या पॅराशूट संघटनेचा सुरक्षा सल्लागार असतो. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या ड्रॉपझोनवर जाऊन तीच कॅनॉपी उडवणारे लोक मी पाहिले आहेत. मला नेदरलँड्सची पद्धत जास्त आवडते.

आकाराबरोबर घाटही बघायला हवा. 150 ची जवळपास चौकोनी कॅनॉपी आणि 150 ची लंबगोल, टोकांकडे निमुळती कॅनॉपी, दोन्हीचं लोडिंग माझ्यासाठी 0.93 च येईल. दुसरी कितीतरी जास्त चपळ. शिवाय कंपन्यांच्या मोजायच्या पद्धती सारख्या नाहीत, त्यामुळे एकीचं 150 दुसरीच्या मापाने काही चौरस फूट वेगळं भरतं. हा आकडा दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत काढत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग जितकं कमी लोडिंग तितकं बरं का? तसंही नाही. शिकत असताना मला 220 ची कॅनॉपी मिळायची. विद्यार्थ्यांची रिग जड असते, बेरीज 150 व्हायची, लोडिंग 0.68. पंख इतका हळू उडतो की वरचा वारा जरा वाढला की समोर तोंड करून जागच्या जागी लटकायचं, आणि त्याहून वाढला की मागे मागे जायचं. अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी 14 मैल आहे. पण हजार फुटांवर वारा त्याहून जास्त असतो, त्यामुळे माझ्या अंगाच्या मुलींना शिक्षक त्या मर्यादेच्या बरेच आधी जमिनीवर बसवतात. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की बरोबरची दणकट मुलं विमानात चढायची आणि मी हेल्मेट मांडीवर घेऊन वाऱ्याच्या पिशवीकडे बघत राहायची. तेव्हा फार चीड यायची. आज मी त्या शिक्षकांची ऋणी आहे.

कमी लोडिंगचा दुसरा परिणाम कॅनॉपीच्या आत होतो. तिच्या खोल्या पुढून शिरणाऱ्या हवेच्या दाबावर फुगतात. तो दाब वेगाच्या वर्गाबरोबर जातो आणि वेगाचा वर्ग लोडिंगबरोबर, म्हणजे शेवटी दाब थेट लोडिंगच्या प्रमाणात. 0.68 वर कॅनॉपी मऊ असते, खडबडीत हवेत टोकं लुटलुटतात. 0.93 वर ती बरीच घट्ट उडते. उन्हाळ्यात पेरिसच्या मातीवरून धुळीच्या वावटळी फिरतात. त्यांच्यापुढे मात्र कोणतंच लोडिंग कामाचं नाही. त्या दिसल्या की खाली थांबायचं.

हलक्या लोकांची अजून एक गोष्ट आहे, आणि ती गणितात हमखास राहून जाते. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे कॅनॉपी उघडण्याआधी नुसतं पडताना, मी इतरांपेक्षा हळू पडते. चौघांनी मिळून रचना करायची असेल तर मी वर तरंगत राहते आणि बाकीचे खाली. त्यावर उपाय म्हणजे शिशाच्या गोळ्या भरलेला पट्टा. माझा पट्टा 8 पौंडांचा आहे. तो कमरेला बांधला की बेरीज 148 होते आणि त्याच 150 च्या कॅनॉपीवर लोडिंग 0.99. पंखाला शिसं आणि मांस यांतला फरक कळत नाही. फ्लेअर थोडा आधी आणि जोरात नाही, तर नेहमीच्याच उंचीला पण जास्त एकाग्रतेने करावा लागतो, कारण सगळं थोडं लवकर घडतं. माझ्या लॉगबुकात मी दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत, पट्ट्यासकट आणि पट्ट्याशिवाय. फॉर्मेशन करणाऱ्या प्रत्येक हलक्या मुलीने कॅनॉपी निवडताना पट्ट्यासकटचा आकडा धरावा.

आता हवा. वर जे वर्गमूळ सांगितलं त्यात हवेची घनताही बसलेली आहे: हवा विरळ झाली की तोच जोर मिळवायला कॅनॉपीला वेग वाढवावा लागतो. पेरिसचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 फुटांवर आहे. हिवाळ्यात सकाळी 5 अंश आणि उन्हाळ्यात दुपारी 38 अंश, एवढ्या फरकाने त्याच मैदानावर, त्याच कॅनॉपीचा वेग 6 टक्क्यांनी बदलतो. कोलोरॅडोत लाँगमाँटला गेले होते तेव्हा हे आणखी ठळकपणे कळलं. ते मैदान 5,000 फुटांच्या जरा वर. 30 अंशांच्या दुपारी तिथली हवा 8,000 फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. समुद्रसपाटीच्या तुलनेत वेग जवळजवळ 13 टक्के जास्त. माझ्या 150 वरचं 0.93 तिथे समुद्रसपाटीवरच्या 1.19 सारखं वागलं असतं. म्हणून मी आधीच फोन करून 170 ची कॅनॉपी भाड्याने ठेवायला सांगितली होती, तिच्यावर 0.82, म्हणजे तिथल्या हवेत 1.05 च्या तोडीचं.

यातली फसवी गोष्ट ही की कॅनॉपी हाताला नेहमीसारखीच लागते. टॉगलचा ताण तोच, वाऱ्याचा आवाज तोच. विरळ हवेत वेग वाढला तरी पंखाला जाणवणारा दाब तेवढाच असतो. फक्त खालची जमीन भराभर सरकते. समुद्रकिनाऱ्याजवळ शिकलेला माणूस डोंगराळ मैदानावर जातो तेव्हा त्याचे कान आणि हात त्याला सांगतात की सगळं ठीक आहे. तिथे पहिल्या दिवशी मी कोणाबरोबर रचना न करता एकटीच उडाले, उंचावर कॅनॉपी उघडली आणि नुसता उतरण्याचा मार्ग आखत खाली आले. 1,000 फुटांना वाऱ्याच्या दिशेने, 600 ला आडवं, 300 ला वाऱ्याच्या समोर. प्रत्येक टप्पा सवयीपेक्षा लांब काढावा लागला.

उलट टोकही आहे. घरी फोन केला की काका हटकून शीतल महाजन यांचं नाव काढतात. पुण्याच्या शीतलताईंनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिथे हवेचं तापमान उणे 30 धरलं तर समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा कॅनॉपीचा वेग 8 टक्क्यांनी कमी भरतो. थंड, दाट हवा पंखाला सढळ हाताने उचलते. अर्थात बधिर झालेल्या बोटांनी टॉगल ओढण्याचं गणित यात कुठेच नाही.

लहान कॅनॉपीवर जायच्या आधी आत्ताच्या कॅनॉपीवर काय काय जमायला हवं, याची तोंडी यादी आमच्याकडे जुनी मंडळी नव्यांना देतात. 50 फुटांवर फारशी उंची न घालवता सपाट वळण घेता येणं. आडव्या वाऱ्यात उभं राहून उतरणं. वारा अजिबात नसताना उतरणं. ठरवलेल्या जागेपासून 10 मीटरच्या आत पुन:पुन्हा उतरणं. फ्लेअर चालू असताना थोडं वळता येणं. हे सगळं आधी 3,000 फुटांवर करून बघायचं आणि मग खाली. मावसभावाला मी हीच यादी दिली. त्याला सपाट वळण अजून नीट येत नाही, आणि माझ्या लेखी 190 चा विषय तिथेच संपतो, आकडा 1.03 असता तरी.

शेवटी रिझर्व्ह. बहुतेक जण मेनचा भागाकार करतात आणि रिझर्व्हचा करायचं विसरतात. रिझर्व्ह उघडते ती वाईट दिवशी. उंची कमी उरलेली, मैदान लांब, खाली झाडं किंवा घरं, कधी खांदा निखळलेला. एएडीने उघडली असेल तर माणूस शुद्धीवरही नसेल आणि फ्लेअर करायला कोणी नसेल. कॅनॉपी सोडेल तशी आणि सोडेल तिथे तो टेकणार. त्या दिवशी डोक्यावर शक्य तेवढं जास्त कापड असावं. रिझर्व्हच्या लेबलावर कमाल वजन छापलेलं असतं. ते प्रमाणपत्राचं बंधन आहे, त्या वजनाला सुखाने उतरता येईल अशी हमी त्यात नाही. माझी रिझर्व्ह 143 ची, माझं लोडिंग 0.98. मावसभावाला सापडलेल्या रिगमधली 176 ची, म्हणजे त्याच्यासाठी 1.25.

आणि कंटेनर हा यातला खरा सापळा. मेन बदलता येते, पण कंटेनर ठरावीक मापांचा शिवलेला असतो. त्यात मेन एखादं माप इकडेतिकडे बसते, रिझर्व्हला तर उत्पादकाच्या तक्त्याबाहेर जाताच येत नाही. ‘पुढे लहान घ्यायचीच आहे’ म्हणून आज लहान कंटेनर घेतला की लहान रिझर्व्ह गळ्यात पडते आणि मोठ्या मेनचा रस्ता बंद होतो. म्हणून मी त्याला कंटेनरपासून शोधायला लावलं: ज्यात 230 ची मेन आणि 218 ची रिझर्व्ह बसेल असा. मोठ्या रिगचे दोन पौंड जास्त धरून बेरीज 222. मेनवर 0.97, रिझर्व्हवर 1.02. शंभरेक उड्या आणि ती यादी पुरी झाली की त्याच कंटेनरमध्ये 210 ची मेन येईल, 1.06 वर.

एवढ्या मापाच्या रिग विकायला कमी येतात, कारण लोक त्या लवकर सोडतात आणि ड्रॉपझोन विद्यार्थ्यांसाठी उचलतात. ओळखीच्या दोन रिगरना, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या कारागिरांना, सांगून ठेवलं आहे. घेण्याआधी त्यांच्यापैकी एकाकडून कापडाची सच्छिद्रता, दोऱ्यांची झीज आणि रिझर्व्हची तारीख तपासून घ्यायची हे त्याने कबूल केलं आहे. रिझर्व्ह इथे दर 180 दिवसांनी पुन्हा पॅक करावीच लागते, तेव्हा तीही नोंद बघून होईल. तोपर्यंत तो ड्रॉपझोनची 230 भाड्याने घेऊन उडतो आहे, आणि या शनिवारी आम्ही सपाट वळणांवर काम करणार आहोत.